उलटा पेला आणि आमचे साडू

जगात जे जे काही पडतं, सांडतं, उकळतं, घसरतं किंवा नुसतं लोंबकळतं, त्याचं कारण तिथल्या तिथे सांगितलं नाही तर पृथ्वी फिरायची थांबेल, अशी आमच्या साडूंची प्रामाणिक समजूत आहे. ते मानवतला एका शाळेत विज्ञान शिकवायचे. रीतसर निवृत्त झाले, हारतुरे झाले, शाल-श्रीफळ झालं. पण शाळेने सोडलं तरी त्यांनी काही शाळा सोडली नाही. फक्त वर्ग बदलला. पूर्वी बाकांवर मुलं असायची, आता आम्ही नातेवाईक असतो. मुलांच्या सुटकेला निदान घंटा तरी व्हायची. त्यातून त्यांची एक सवय तर जीवघेणी आहे. समजावून झालं की ते चष्म्यावरून बघत विचारतात, "कळलं?" आपण सुटलो म्हणून घाईघाईने "कळलं" म्हणावं, तर पुढचा प्रश्न तयारच असतो, "मग सांगा बरं, काय कळलं?" या एका प्रश्नापायी आमच्या गल्लीतली भली भली माणसं त्यांना लांबून पाहून रस्ता बदलतात. मला तेही जमत नाही, कारण आमच्या बायका सख्ख्या बहिणी आहेत.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझं आडतीचं दुकान आहे. साडू रोज सकाळी पेपर वाचायला म्हणून तिथे येतात आणि पेपर घडीचा घडीतच राहतो. एकदा एक शेतकरी सोयाबीनची पोती काट्यावर चढवत होता. साडू त्याच्याजवळ जाऊन अगदी आपुलकीने म्हणाले, "हे तुमचं वजन हाय ना, हे काही कायमचं न्हाई. हेच पोतं चंद्रावर नेलं तर सहावा हिस्साच भरंल." शेतकऱ्याने एकदा पोत्याकडे पाहिलं, एकदा काट्याकडे, आणि मग माझ्याकडे असं काही पाहिलं, की जणू मी तो काटा चंद्रावरूनच आणलाय. "सहावा हिस्सा? मंग ऱ्हाऊ द्या शेट, मी शेजारी मोजतो," असं म्हणून त्याने पोती उचललीसुद्धा. साडू त्याच्यामागोमाग शेजारच्या दुकानात गेले, कारण वस्तुमान मात्र तेवढंच राहतं हे सांगायचं राहून गेलं होतं. तिथूनही तो शेतकरी पळाला, एवढंच माझं समाधान.

प्रवासात तर त्यांना आवरणं ब्रह्मदेवालाही शक्य नाही. येलदरीचं धरण पाहायला गेलो, तेव्हा भिंत खाली जाड आणि वर बारीक का असते, हे सांगण्यात त्यांनी आमचे गरम तळलेले मासे गार केले. आणि मग ते गार का झाले, हे सांगितलं. परभणीच्या एसटीत एकदा ड्रायव्हरने गाडी अशी काही झटक्याने सोडली, की पुढे उभी असलेली एक म्हातारी पिशवीसकट साडूंच्या मांडीवर आली. दुसरा कोणी असता तर त्याने लागलं का म्हणून विचारलं असतं. साडू म्हणाले, "मावशी, तुमी पडल्या न्हाईत. तुमी होत्या तिथंच राहिल्या, गाडी पुढं गेली. याला जडत्व म्हणतेत. कळलं?" म्हातारीने पिशवीत हात घालून पाहिलं आणि म्हणाली, "मी व्हते तिथंच हाय, तर माझी अंडी कशानं फुटली रं बाबा?" सगळी एसटी हसली. साडू मात्र खूश झाले. प्रश्न चांगला आहे म्हणाले, आणि पेडगाव जाईपर्यंत त्याचं उत्तर दिलं.

या माणसाला न कंटाळणारं आमच्या घरात एकच माणूस होतं, माझी मुलगी ज्योती. साडूंना मूलबाळ नाही. ज्योती लहानपणापासून त्यांच्या मागे "काका, असं का?" म्हणून हिंडायची. माठातलं पाणी गार का होतं, बाई डोक्यावर घागर घेताना खाली चुंबळ का ठेवते, विहिरीत ओरडलं तर आवाज परत का येतो. तिचा "का" संपायचा नाही आणि यांचं उत्तर संपायचं नाही, आणि मधल्या मधे आमचं जेवण राहून जायचं. "हिचं लग्न झाल्यावर दाजी कुणाला सांगतील हो?" असं माझी बायको एकदा म्हणाली आणि तिने माझ्याकडेच पाहिलं.

ते लग्नही साडूंनी जवळजवळ मोडलंच होतं. राणीसावरगावचं स्थळ होतं, मुलगा परभणीला नोकरीला. दोघं एकमेकांशी बोलली होती आणि मुलगा आपल्याला पसंत आहे, असं ज्योतीने आईला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. राहिला होता फक्त मुलाच्या वडिलांचा होकार. गृहस्थ कडक, बोलणं मोजकं, डोक्यावर इस्त्रीची पांढरी टोपी. मी साडूंना आदल्या दिवशीच हात जोडले, "पाहुणे, उद्या विज्ञान नको." त्यांनी शब्द दिला आणि पोहे संपेपर्यंत तो पाळलाही. पण चहा पिता पिता मुलाचे वडील टोपी सारखी करत म्हणाले, "आज हवा बिलकुल न्हाई."

झालं! "हवा न्हाई कशी? आत्ता तुमच्या चौबाजूंनी हवा दाबायलीय, पाव्हणे!" म्हणत साडू उठले. पेला काठोकाठ भरला, फळीवरची कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका त्यावर झाकली आणि मी "पाहुणे, पाहुणे" करेपर्यंत तो पेला त्यांनी थेट त्या टोपीवर उलटा धरला. "खालची हवा पुठ्ठा वर दाबून धरती. थेंब पडणार न्हाई," म्हणाले आणि पुठ्ठ्याखालचा हात काढला. उभा जन्म त्यांनी हा प्रयोग मुलांच्या डोक्यावर केला होता, पण वहीच्या पुठ्ठ्याने. ही पत्रिका हल्लीच्या फॅशनची, मधोमध गणपती कोरून कापलेला. बाप्पाच्या कानातून आणि सोंडेतून सगळं पाणी व्याह्यांच्या टोपीवर आलं. साडूंनी पत्रिका उजेडात धरून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघितलं? भोकातून हवा आत शिरली, म्हणून पाणी खाली आलं. म्हणजे हवा हाय! कळलं?"

व्याही उठले. "चला," एवढंच म्हणाले. मुलगा आतल्या दाराकडे बघत बसून राहिला. मला त्या क्षणी साडूंना चंद्रावरच नेऊन सोडावंसं वाटलं. तेवढ्यात ज्योती बाहेर आली. तिच्या हातात भरलेला पेला होता आणि जुन्या वहीचा फाडलेला पुठ्ठा.

"एक मिनिट थांबा," ती म्हणाली. "काकांचं चुकलं नाही. पत्रिका चुकली."

अंगावर आईचा शालू, सगळी बैठक बघतेय, आणि या पोरीने पेला स्वतःच्या डोक्यावर उलटा धरून खालचा हात काढला. थेंब पडला नाही. व्याही वाकून खालून बघायला लागले. त्यांच्या टोपीतून पाणी टपकत होतं, ज्योतीच्या पेल्यातून नाही. मग ते हळूच खाली बसले आणि म्हणाले, "आण इकडं. मला करू दे." त्यांनी तो प्रयोग मुलाच्या डोक्यावर केला. मुलाने डोळेसुद्धा मिटले नाहीत. सुपारी त्याच बैठकीत फुटली.

लग्नाच्या दिवशी मात्र साडूंनी मला घाबरवलं. अक्षता पडल्या, बँड वाजला, आचाऱ्याची कढई उतू गेली, तरी त्यांनी कशाचंच कारण सांगितलं नाही. संध्याकाळी पाठवणीची गाडी झटक्याने निघाली. ज्योती मागच्या काचेतून बघत होती, आणि गाडी वळल्यावरही साडूंचा हात वरच होता. मग ते मांडवातल्या खुर्चीवर येऊन बसले. शेजारी एका पोराचा फुगा फुटला. साडू बोलले नाहीत. या माणसाने गप्प बसावं म्हणून मी इतकी वर्षं देव पाण्यात घातले होते, आणि आता ते गप्प बसणं मलाच सोसवेना. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो.

"पाहुणे, गाडी सुटली की माणूस मागं का पडतं हो?"

त्यांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. बराच वेळ पुसला.

"मागं पडत न्हाई, पाहुणे. माणूस होतं तिथंच राहतंय. गाडी तेवढी पुढं जाती." आणि मग सवयीने विचारलं, "कळलं?"

"कळलं," मी म्हणालो.

काय कळलं, ते त्यांनी विचारलं नाही.