ट्रंकेतला बिल्ला

धावडा गावच्या कारभारीचा या जगात एकाच जिवावर भरवसा होता, आणि ती त्याची चंद्री गाय. माणसांचं त्याच्याजवळ नावच काढू नये. सरकीच्या पेंडीचा दुकानदार तराजूला अंगठा लावतो, डेअरीवरचा मापाडी माप शिगोशीग भरून घेतो आणि लिहिताना हात आखडतो, जनावरांचा डॉक्टर अर्धं औषध बाटलीत शिल्लक ठेवून दुसऱ्या गावात विकतो, अशी त्याची पक्की समजूत. यातलं एखाददुसरं खरंही असेल, नाही कोण म्हणतं? पण कारभारीला सगळंच खरं वाटायचं, आणि रोज वाटायचं.

जालना जिल्हा नवा झाला त्या साली, म्हणजे एक्क्याऐंशीत, तो गावातल्या अप्पारावांच्या घरी सालानं, म्हणजे वर्षाच्या बोलीनं गडी म्हणून, राहिला होता. अकरा वर्षं त्यानं दुसऱ्याची जनावरं सांभाळली, दुसऱ्याचं शेण काढलं. ब्याण्णवला पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशांतून पहिली संकरित गाय दावणीला आणली, तेव्हा त्यानं बायकोला सांगितलं होतं, "नंदे, आता कुनाच्या दारात सालानं जायचं न्हाई. मेलो तरी न्हाई."

पुढं पाच-सहा वर्षांत एकाच्या पाच गायी झाल्या. लोकांना वाटायचं, कारभारीच्या घरी दुधाचा पाट वाहतो. लोकांचं काय जातं वाटायला! पाचातल्या तीन दुधावर असायच्या आणि दोन आटलेल्या. आटलेली गाय दूध द्यायची थांबते, खायची थांबत नाही. गोऱ्हा झाला तर त्याला औताला कुणी घेत नाही, कारण संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसतं, जू टिकत नाही. एप्रिल लागला की कडब्याचे भाव आभाळाला, आणि डेअरीचा दर मात्र जिथल्या तिथं. चार गायी मिळून आपापलं खाणं कसंबसं फेडायच्या. घरात मीठमिरची यायची ती चंद्रीच्या चौदा लिटरांवर. चंद्री गेली तर गोठा मोडला, आणि गोठा मोडला तर पुन्हा कुणाच्या तरी दारात सालानं. एवढं साधं होतं सगळं, आणि म्हणूनच कारभारीला झोप गोड लागत नसे.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात विम्याची योजना गावात आली. कारभारीनं चार दिवस घासाघीस केली, कागद तीन जणांकडून वाचून घेतला, आणि शेवटी एकट्या चंद्रीचा बारा हजारांचा विमा उतरवला. शेजारच्या मच्छिंद्रच्या अंगणात डॉक्टरनं त्याच्या आणि याच्या अशा दोन्ही गायींच्या कानात नंबराचे पितळी बिल्ले ठोकले. महिनाभर कारभारी खुशीत होता.

मग भोकरदनच्या बाजारात कुणीतरी त्याला एक किस्सा सांगितला. कुठल्याशा गावात म्हणे एकानं रातोरात शेजाऱ्याच्या गायीचा बिल्ला काढून आपल्या मेलेल्या गायीच्या कानात अडकवला आणि पैसे उचलले. सांगणारा तंबाखू मळत निघून गेला. कारभारीच्या डोक्यात मात्र किडा शिरला. शेजारी म्हटल्यावर त्याला मच्छिंद्रच दिसायला लागला. त्याच दिवशी, त्याच अंगणात, तसलाच बिल्ला! घरी येताच त्यानं पकड घेतली, चंद्रीच्या कानातला बिल्ला हळूच उकलला, फडक्यात बांधला आणि ट्रंकेत कुलूपबंद केला. किल्ली करदोट्याला.

नंदाबाई म्हणाली, "अहो, सरकारी चीज हाय ती. काढायच्या आधी डॉक्टरला तर इचारा."

"डॉक्टरच सामील आसंल तर?"

ती भाकरी थापायला गेली.

तेवढ्यावरही त्याचं भागलं नाही. गोठ्याभोवती त्यानं तुराट्यांचा पुरुषभर उंच कूड घातला, शेणामातीनं लिंपला, फाटकाला कुलूप लावलं. मच्छिंद्रची गाय पुढच्याच उन्हाळ्यात आजारानं गेली. बिल्ला कानात होता, त्याला पैसे मिळाले, आणि त्यातून त्यानं मुकाट एक म्हैस घेतली. "एवढ्या जल्दी पैसे? काहीतरी भानगड हाय," कारभारी म्हणाला. मच्छिंद्रची बायको गोजरबाई कधी कुडापलीकडून हाक मारायची, "भावजी, तुमी गावाला जात असाल तं वैरण टाकू का गायींला?" हा आतूनच "नगं" म्हणायचा. दुसऱ्याच्या हातची वैरण आपल्या गायीच्या पोटात? बिलकुल नाही.

नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात नंदाबाई लेकरांना घेऊन माहेरी गेली होती आणि पेंड संपली. पेंड आणायला दुसऱ्या कुणाला पाठवणं शक्यच नव्हतं. कारभारी सकाळीच गोठ्याला कुलूप लावून भोकरदनला गेला. परतीची बस बंद पडली. तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती आणि गायी उपाशी हंबरत होत्या. पावसानं ओलाचिंब झालेला लसूणघास त्यानं दोन्ही हातांनी कवळ्याच्या कवळ्या चंद्रीपुढं टाकला. उपाशी गाय अधाशासारखी खात सुटली. तासाभरात तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. मच्छिंद्र आवाज ऐकून डॉक्टरसाठी सायकल घेऊन पळाला, पण डॉक्टर येईस्तोवर चंद्रीनं पाय ताणले होते.

कारभारी तिच्या मानेवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. रडून झाल्यावर डोळे पुसले आणि डॉक्टरला बाजूला घेऊन विचारलं, "कुनी काई घातलं तं न्हाई ना हिला?"

"उपाशीपोटी ओला घास घातलाय," डॉक्टर म्हणाला. "कुणी घातला ते तुम्हाला माहीत."

निरोप मिळताच नंदाबाई माहेराहून आली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विम्याचा साहेब जीपनं आला. कारभारीनं मोठ्या दिमाखात ट्रंक उघडली आणि फडकं सोडलं. बिल्ला नव्यासारखा चकाकत होता.

"हा घ्या साहेब. एक वरखडा न्हाई."

साहेबानं बिल्ला पाहिला, मग मेलेल्या गायीचा कान पाहिला. कानातलं भोक केव्हाच बुजलं होतं.

"हा कानात का नाही?"

"चोरीला जाईल म्हनून काढून ठेवला."

साहेब हसला. ते हसू कारभारीनं आयुष्यभर दुसऱ्यांकडं पाहून हसलं होतं, त्यामुळं त्याचा अर्थ त्याला बरोबर कळला. "म्हणजे विम्याची गाय विकायची आणि भलतीच मेली की बिल्ला दाखवायचा! कागदावर काळी-पांढरी संकरित गाय लिहिलीय. अशा या तालुक्यात हजार असतील. ही तीच कशावरून?"

कारभारीच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं शपथा घेतल्या, आईची घेतली, लेकरांची घेतली. जमलेल्या लोकांकडं पाहिलं. लोक खाली बघायला लागले. त्यांचा तरी काय दोष? दीड वर्षात त्या कुडाच्या आत कुणी पाऊल टाकलं नव्हतं. त्याची गाय गोरी की काळी, हे गावात कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं.

"एखादा शेजारी सही करून सांगत असेल की बिल्ला ठोकलेली गाय हीच, तर मी शिफारस करतो," साहेब घड्याळ बघत म्हणाला. "नाहीतर विषय संपला."

"म्या सांगतो," मागून मच्छिंद्र पुढं आला. "बिल्ला माझ्याच अंगनात ठोकला. गाय हीच हाय."

"त्याला दीड वर्ष झालं. मध्ये बदलली नाही कशावरून?"

"रोज बघतो की साहेब. उजव्या शिंगाचं टोक उडालंय, कासेवर काळा ठिपका हाय."

"गोठा तर बंद असतो म्हणतात."

मच्छिंद्र जरा ओशाळला. "कुडाला एक फट हाय. माझी गाय गेली तव्हापून सकाळी उठलं की हिला बघत असतो. बरं वाटायचं."

साहेबानं मान हलवली, कागद पुढं केला. मच्छिंद्रनं पेन हातात घेतलं. आणि नेमकं तेव्हाच कारभारी ओरडला, "बघा साहेब! म्या म्हनतच होतो! चोरून पाळत ठेवून राह्यला व्हता हा! दीड वर्सं!"

मच्छिंद्रनं पेनाचं टोपण नीट लावलं, पेन साहेबाच्या हातात परत दिलं आणि आपल्या अंगणात निघून गेला.

साहेब भला माणूस होता. चहा घेईपर्यंत थांबतो म्हणाला. नंदाबाई नवऱ्याच्या हातापाया पडायला लागली, "अहो, जावा ना. दोन शब्द चांगले बोला. आपला गोठा चालला."

कारभारी गेला. मच्छिंद्र म्हशीखाली बसून धार काढत होता. चरवीत दुधाच्या धारा वाजत होत्या. माफ कर म्हणावं, भाऊ म्हणावं, असं कारभारीला मनापासून वाटत होतं. शब्द गळ्यापर्यंत आलेही होते. पण त्याआधी एक गोष्ट त्याला कळून घ्यायची होती, ती कळल्याशिवाय त्याला पुढं जाताच येत नव्हतं.

"मच्छिंद्र, सहीचं तू काय घेशील?"

मच्छिंद्रनं वर पाहिलं नाही. "काईच न्हाई."

कारभारी तसाच उभा राहिला. काहीच नाही? बारा हजारांची सही, आणि काहीच नाही? मग याच्या मनात आहे तरी काय? तो मच्छिंद्रच्या पाठीकडं बघत विचार करत राहिला, आणि रस्त्यावर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.