टकटक ऐकून येणारे समुद्रघोडे

मंडळी, आज सकाळी सांबार चाखून पत्नीने आरोप केला, की घरचं मीठ मी प्रयोगशाळेत पळवतो. आरोप खोटा आहे. हे आयोडीनचं मीठ समुद्रघोड्यांना बाधतं. ते फक्त नवऱ्यांसाठी असतं.

बेंगळुरूत समुद्र नाही. म्हणून आम्ही तो टाक्यांत कालवतो, दुर्मिळ होत चाललेले समुद्रघोडे वाढवतो आणि किनाऱ्यावर नेऊन सोडतो. खाऊ देताना मी काचेवर टकटक करायचो. सगळे डुलत समोर यायचे. मला त्याचं फार कौतुक.

आज आमच्या प्रयोगशाळेतल्या सरोजाक्का पहिली खेप सोडून परतल्या.

"कशी आहेत पोरं?" मी विचारलं.

"वाळत घातलीत, सर, औषधवाल्यांना विकायला. दुसऱ्याच दिवशी एका कोळ्याचं वल्हं नावेवर आपटलं, तशी सगळी वर आली. त्यानं हातानंच वेचली, जाळंसुद्धा लागलं नाही. लाड स्वल्प कमी करायचे होते."

अश्वमेधात घोडा मोकळा सोडतात, हे मी पाठशाळेत शिकलो होतो. शेवटी त्याचं काय करतात, ते सोयीने विसरलो.

दुसरी खेप टाकीत वाढते आहे. आज मी टकटक केली नाही. तरी माझी सावली पडताच सगळी काचेपाशी आली.

त्यांना माणसाची भीती शिकवायला हवी. मला काळजी ही, की मला ते मनातून नकोच आहे.