उरलेलं वाण

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात मी बायांना काय वाण दिलं, ते सांगितलं तर हसाल... लघवी तपासायची डबी! हव, खरंच सांगून राहिले.

आमच्या समता कॉलोनीतल्या घरी सासूबाईंपासून हळदीकुंकू होतं. कधी पंडरीच्या कापडबाजारातून ब्लाऊजपीस आणायचे, कधी प्लास्टिकचे डबे. आता सगळ्यांकडे इतके डबे झालेत की मागच्या वर्षी मीच दिलेला डबा फिरत फिरत मलाच परत आला... चिरलेल्या झाकणावरून ओळखला!

माझी नात पिंकी लॅबमध्ये काम करते. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. लॅबमधली रिकामी डबी दाखवून म्हणाली, "आजी, इस बार कुछ काम का दो ना. सब सुबह का पहला पेशाब इसमें ले आएँ, मैं जाँच कर दूँगी." मी म्हटलं, पोट्टीचं डोकं फिरलं. कुंकवाच्या ताटात हे?

पण मग मला अभनपूरचा माझा भाऊ आठवला... शुगर होती, बीपी होतं, पण काही दुखत नव्हतं म्हणून कधी तपासलंच नाही. पाय सुजले तेव्हा दवाखान्यात गेला, तोवर किडन्या कामातून गेल्या होत्या. आता डायलिसिसवर आहे बिचारा. पिंकी म्हणते, किडनी आधी काही सांगतच नाही, चुपचाप खराब होत जाते. मग मी हो म्हटलं.

डब्यांना लाल गोट्याची चमकती किनार लावली. रिकामं वाण कसं द्यायचं, म्हणून आत हलव्याचे दाणे टाकायला गेले, तर पिंकी किंचाळलीच... "आजी! अंदर कुछ मत डालो, सबकी शुगर निकल आएगी!"

बाया आधी लाजल्या, मग पदर तोंडाला लावून हसत बसल्या. शेजारच्या कुंदाताई म्हणे, "वाण परत आणून द्यायचं, अन् तेही भरून? असं वाण मी जन्मात नाही पाहिलं वं बाई!" पण नाही कोणीच म्हटलं नाही. वाणाला कोण नाही म्हणतं?

सगळ्या गेल्या, तर एक डबी उरली. आमच्याकडे उरलेलं वाण कपाटात ठेवत नाहीत, कोणाला तरी देऊनच टाकतात. अन् घरात वाण न मिळालेलं तर एकच माणूस... आमचे हे. पाय पसरून क्रिकेट पाहून राहिले होते.

यांची गोष्ट अशी, की रेल्वेतून रिटायर झाल्यापासून गुडघे दुखतात. मग मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या अन् फुटाण्यासारख्या खायच्या. बीपीची गोळी मात्र डोकं गरगरलं तरच! तपासणीचं नाव काढलं की म्हणायचे, मले काय धाड भरली?

मी सरळ जाऊन कपाळाला कुंकू लावलं अन् डबी समोर धरली. दचकलेच. "काहून वं? मले काहून वाण? मी काय सवाष्ण आहो?"

"उरलेलं वाण आहे, नाही म्हणत नसतात. घ्या मुकाट्यानं."

इतके हसले, इतके हसले... गमछ्याचा पदर केला अन् बायांसारखी त्यात डबी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्या यायला लागल्या. कोणी शालीखाली लपवून आणली, कोणी तिळगुळाच्या डब्यात. पिंकी एकेकीत कागदाची पट्टी बुडवून पाहत होती. पट्टी पिवळी राहिली तर बरं, हिरवी झाली तर लघवीतून प्रोटीन जाऊन राहिलं म्हणायचं. सगळ्यांच्या पिवळ्या... शेवटी गंमत म्हणून आजोबांची घेतली.

हिरवी झाली.

पिंकीनं दुसरी पट्टी बुडवली. तीही हिरवी. पोट्टीचं हसणं बंद झालं. "आबा, आज ही डॉक्टर के पास चलेंगे."

माझ्या डोळ्यांसमोर भावाचे सुजलेले पाय... हे माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "तुया भावासारखं तर नाही ना वं?" मी यांचा हात धरून बसले.

डॉक्टरांनी बीपी पाहिलं, चांगलंच वाढलेलं होतं. रक्त तपासलं, काही दिवसांनी लघवी पुन्हा तपासली. मग म्हणाले, "अम्मा, किडनी पे असर शुरू हुआ है, पर अभी शुरुआत है. अच्छा हुआ जल्दी आ गए." मी तिथेच रडले. काळजीनं का आनंदानं, देवाला माहीत.

आता दुखण्याच्या गोळ्या बंद, त्या किडनीला बाधतात म्हणे. बीपीची गोळी रोज, मी पाणी घेऊन समोर उभी राहते. पापड, लोणचं, बिजौरीचे सांडगे सगळं बंद... वरणात मीठ कमी म्हणून रोज तोंड वाकडं करतात, पण जेवतात. परवा परत तपासलं तर पिंकी म्हणाली, "आजी, पहले से कम है!" मी बिनसाखरेचा शिरा केला. कोणी खाल्ला नाही, ते जाऊ द्या.

अन् काल काय झालं... हे पिंकीकडून डब्यांचं पाकीटच घेऊन बगीच्यात गेले. आपल्या म्हाताऱ्या दोस्तांना एकेक वाटून आले. म्हणे, "माह्या बायकोचं वाण आहे, नाही म्हणायचं नाही."

बाबांनो, बायांनो... घरात कोणाला शुगर असेल, बीपी असेल, दुखण्याच्या गोळ्या सारख्या चालू असतील, नात्यात कोणाला किडनीचा त्रास असेल, तर काही दुखत नसलं तरी लघवी अन् रक्त तपासून घ्या. लाजू नका.

आम्ही बाया जन्मभर एकमेकींना वाण देतो ते नवऱ्याला आयुष्य लाभावं म्हणून. यंदा पहिल्यांदाच मी ते नवऱ्याच्याच हातात दिलं... अन् बघा, बरोबर लागू पडलं.