दुसऱ्या क्लॅरिनेटची पत्ती

काशिनाथ मास्तर गेल्याची बातमी मला मुरबाडच्या एसटी स्टँडवर कळली. कंडक्टरकीतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी सकाळी मी स्टँडवर जाऊन बसतोच; घरात बसलो तर सून कामं सांगते. टोकावड्याच्या जीपवाल्याने काच खाली करून हाक मारली, "जनाकाका, तुमचे क्लारनेटवाले मास्तर गेले हो. कल्याणच्या दवाखान्यात. छातीचं होतं ना..." तोच पुढे म्हणाला, "मागल्या महिन्यात आमच्या भाच्याच्या लग्नात काय झकास वाजवत होते!" मी त्याच्यावर खेकसलो, "नाय, वाजवत नव्हता तो. दोन वर्षं झाली, त्याने वाजवलेलंच नाय." जीपवाल्याला वाटलं, म्हातारा दुःखाने बरळतोय. बिचारा काच वर करून निघून गेला.

खरं तेच बोललो होतो मी. पण ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

आम्ही दोघं एकाच बँडमध्ये होतो. त्याचं पहिलं क्लॅरिनेट, माझं दुसरं. क्लॅरिनेटच्या तोंडाला वेताची एक पातळ चपटी पट्टी असते, बोटाएवढी. तिला आम्ही बँडवाले पत्ती म्हणतो. ती थरथरली तर सूर, नाहीतर क्लॅरिनेट म्हणजे चाव्या लावलेली फुंकणी. हा वेत आपल्याकडे होत नाही, पत्ती समुद्रापलीकडून येते. वाजवण्याआधी ती तोंडात धरून ओली करावी लागते, म्हणून मास्तरच्या गालात कायम एक पत्ती असायची. बोलणं अर्धं आत, अर्धं बाहेर. लग्नाची बोलणी करायला गेला तेव्हाही होती म्हणे. यमुनावहिनी अजून सांगते, "मला वाटलं मुलगा तोतरा हाये. गरिबाला कोण देणार म्हणून मीच हो म्हटलं."

बँडची एक रीत होती. नवरी गावाची शीव ओलांडायला आली की ढोल, ताशे, ट्रंपेट सगळं बंद करायचं आणि दोनच क्लॅरिनेटनी एक संथ चाल वाजवायची. पहिलं विचारतं, दुसरं उत्तर देतं... आधी माहेर बोलतं, मग सासर. ही चाल मास्तरने त्याच्या गुरूकडून घेतली आणि मला शिकवताना माझ्या बोटांवर काठीने मारलं होतं. दारू पिऊन नाचणारी माणसंसुद्धा त्या चालीला गप्प उभी राहत. मला एसटीत नोकरी लागली तरी लगीनसराईत सुट्टी काढून मी त्या चालीपुरता हजर राहायचो. पुढे माझे समोरचे दात गेले आणि ओठाची पकड सुटली. मग तो एकटाच वाजवायचा, आणि उत्तराच्या जागा रिकाम्या सोडायचा. "तू भरशील म्हणून ठेवल्यात रे," म्हणायचा. मी म्हणायचो, "कवळी बसवतो मग बघ." कवळी बसवलीसुद्धा, पण क्लॅरिनेट तोंडाला लावलं की ती सरकायची, आणि "बघू पुढल्या हंगामाला" म्हणत मी टाळत राहिलो.

पत्त्या आणायचं काम मात्र माझ्याकडेच राहिलं. मुंबईला एक जुनं वाद्यांचं दुकान होतं. पूर्वी मी तिथून डबीच्या डबी आणायचो. मग भाव चढायला लागला. कधी रुपया पडला म्हणून, कधी आयातीवरचा कर वाढला म्हणून. डबीवरून आम्ही सुट्या पत्त्यांवर आलो. मास्तर एक पत्ती चार चार लग्नं चालवायचा, कड झिजली की ब्लेडने तासायचा. एकदा दुकानदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, बाहेरच्या मालाचा रूल बदलतोय. जितकं जमेल तितकं आत्ताच घेऊन ठेवा." मास्तरला सांगितलं तर तो वहिनीची पाटली मोडायला निघाला. आणि मी शहाणा! निवृत्तीनंतर रोज दोन पेपर वाचतो ना. परदेशाशी व्यापाराचा करार होणार, बाहेरच्या वस्तूंवरचा कर उतरणार, असं त्यात छापून आलं होतं. मी म्हणालो, "थांब मास्तर. सहा महिने दम धर. स्वस्त होणार हायत. पाटली कशाला मोडतो?" त्याने माझं ऐकलं. तो आयुष्यभर माझं ऐकत आला, फक्त वाजवताना सोडून.

करार झाला की नाही, कुणास ठाऊक. झाला असेल तर गाड्यांसाठी झाला असेल, दारूसाठी झाला असेल. पत्तीपर्यंत काही पोचलं नाही. उलट मालाबरोबर नवे कागद, नवी तपासणी, नवी प्रमाणपत्रं आली. दुकानदाराने मला समजावून सांगितलं, "मोठा पियानो आणणाऱ्याला ते परवडतं, मामा. पत्तीच्या एका खोक्याला पण तेवढेच कागद लागतात. आणणाऱ्याने आणायचंच सोडलं." खणात तळाशी दोन पत्त्या उरल्या होत्या, त्या त्याने मला दिल्या. पुढच्या वेळी गेलो तर दुकानात फक्त स्पीकर होते. त्या दोन्ही पत्त्या मी मास्तरच्या हातात ठेवल्या. "एक तुझी," तो म्हणाला. मी हसून म्हणालो, "मला काय करायची? दोन्ही वाजव." हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एक पत्ती त्याने वर्षभर चालवली; दुसरीही संपली असेल असं मी धरून चाललो. मग त्याचा वेडेपणा सुरू झाला. डोळखांबच्या रानातून बांबू आणला, ओढ्याकाठचा बोरू आणला, वाळवला, तासला, तेलात ठेवला. पडवीत बसून फुंकायचा आणि आतून मांजर दाबल्यासारखा आवाज यायचा. ओठ फाटून रक्त यायचं. मी रागावलो की म्हणायचा, "होईल रे... बोरू जरा कोवळा निघाला." काही झालं नाही. बँडमालकाने कीबोर्ड आणि स्पीकरची गाडी घेतली. मास्तरला काढलं मात्र नाही. जुना माणूस, वर चेहरा लोकांच्या ओळखीचा. त्याला सांगितलं, "मास्तर, तुमी ड्रेस घालून पुढं चला. आवाज गाडीतून येईल, तुमी फक्त बोटं हालवा."

शहापूरकडच्या एका लग्नात मी हे डोळ्यांनी पाहिलं. भर दुपार, गाडीतून सिनेमाचं गाणं कानठळ्या बसवतंय, आणि पुढे लाल कोटात मास्तर, तोंडाला क्लॅरिनेट, गाल फुगलेले. लोक त्याचे फोटो काढत होते. मी त्याच्या बोटांकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबलो. बोटं त्या गाण्याची नव्हतीच. ती शिवेवरची चाल होती. एकही सूर बाहेर न काढता तो ती पहिल्यापासून वाजवत होता, आणि माझ्या उत्तराच्या जागा आल्या की बोटं उचलून थांबत होता... पूर्ण वेळ थांबत होता. मग पुढे.

जेवणाच्या मांडवात मी त्याच्याजवळ बसलो. म्हणालो, "मास्तर, काय वाजवत होतास?"

"तुला दिसलं?"

"दिसलं."

"मंग झालं," तो म्हणाला आणि मठ्ठा मागितला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "तू पण हालवायचीस ना रे बोटं. कुणाला कळणार होतं?" आमची ती शेवटची धड भेट. दवाखान्यात त्याच्या तोंडावर मास्क होता.

बाराव्याला वहिनीने क्लॅरिनेटची पेटी माझ्यापुढे ठेवली. "घेऊन जा भावोजी. पोरगं भिंतीला टांगायचं म्हणतंय. मला ते बघवणार नाय." घरी आणून पेटी उघडली. चाव्यांना गंज, त्यांच्याखालच्या भोकं झाकणाऱ्या गाद्या कुरतडलेल्या. एका कप्प्यात बांबूच्या नि बोरूच्या चाळीसेक फसलेल्या पत्त्या. आणि कोपऱ्यात, प्लास्टिकच्या पिशवीत तीनदा गुंडाळलेली, कंपनीच्या कागदातली, न वापरलेली पत्ती. कागदावर पेन्सिलने लिहिलं होतं : जना.

ओठ फाटेपर्यंत बोरू फुंकला गड्याने, लाल कोट घालून लोकांपुढे मुका चालला, आणि ही हातात असताना लावली नाही. मी एवढा चिडलो की पेटी आपटणार होतो. नंतर रडलो. दोन्ही वाजव म्हणालो होतो ना मी... हे तेवढं त्याने ऐकलं नाही.

काल पेटी पुन्हा काढली. क्लॅरिनेटला धड चाव्या नाहीत, मला दात नाहीत, पहिली ओळ विचारायला कुणी नाही. सगळं माहीत असूनही जुन्या सवयीने मी कागद उलगडला आणि पत्ती गालात धरली. वेताची ती फिकट, गोडसर चव आली. सुनेने काहीतरी विचारलं, मी अर्धं आत, अर्धं बाहेर असं उत्तर दिलं. मग लक्षात आलं, कोरी पत्ती पहिल्यांदा ओली झाली की वाजवावी लागते. तशीच वाळली की वाकडी होते आणि मग कुणाच्याच कामाची राहत नाही. आता ती खिडकीत वाळतेय.