यंदा नाही, पुढच्या उन्हाळ्यात

मैदानाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या माणसाला काही काम नसतं, म्हणून त्याच्याकडं किस्से साठत जातात. खेळणाऱ्यांकडं ते सापडायचे नाहीत. त्या बिचाऱ्या पळत असतात!

सोलापुरात उन्हाळा लागला की मुलींच्या खो-खोचं शिबिर सुरू होतं. सकाळी ऊन चढायच्या आत आटपायचं, आणि शेवटच्या दिवशी निवड चाचणी घेऊन संघ जाहीर करायचा. कडुलिंबाखालच्या पायऱ्या आमच्या. नवी पेठेत कापडाचं दुकान असलेले अण्णा, रिक्षा चालवणारे रफीकभाई, माझी बायको सुनंदा आणि मी. सुनंदा वेळापूरची, कॉलेजात असताना स्वतः खेळलेली. बाकीचे आम्ही नुसते बघे. त्यातही मी तिला स्कूटरवरून आणून सोडणारा आणि पेपर वाचत बसणारा.

कट्ट्याचा एक रिवाज होता. पहिल्या दिवशी प्रत्येकानं एक मुलगी 'धरायची'. म्हणजे ही संघात जाणार, असं चारचौघांत सांगून टाकायचं. एकीला दोघांनी धरायचं नाही. आणि धरलेल्या मुलीशी शिबिर संपेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. हा शेवटचा नियम सुनंदाचा.

"आपण बोललो की पोरी खेळ सोडून आपल्याकडं बघत पळत्यात," ती म्हणायची. "ज्यानं तोंड उघडलं, त्यानं सगळ्यांना भजी द्यायची!"

* * *

अण्णांची निवड कायम उंचीवर. एका साली त्यांनी कोपऱ्यातली सगळ्यात उंच मुलगी धरली.

"हात बघा की तिचा! खांबापासून नुसता लांब केला तरी गडी बाद!"

मुलगी उंच होती, हे खरं. पण खो-खोत आठ जणींना पाटीवर उकिडवं बसावं लागतं. खो मिळाला की ही बाई गुडघे उलगडून उभी राहीपर्यंत पळणारी दुसऱ्या टोकाला पोचलेली असायची.

सुनंदा तीन दिवस गप्प बसली. चौथ्या दिवशी म्हणाली, "अण्णा, लांबी बघून तुमी पडदे घेत चला."

* * *

रफीकभाईंचा भर वेगावर. मागं एकदा पहिल्याच सकाळी ते पायरीवरून उठून उभे राहिले. पिवळा टी-शर्ट घातलेली एक मुलगी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाऱ्यासारखी गेली होती.

"क्या भागरी देखो! इसकूच पकड्या मैं. लिखके ले लो!"

दुसऱ्या दिवशी ती दिसली नाही. तिसऱ्या दिवशी दिसली, पण खांद्याला बॅग लावून निवांत चालत निघाली होती. शिबिराशी तिचा काही संबंध नव्हता. पलीकडच्या गल्लीत तिचा कॉम्प्युटरचा क्लास होता आणि पहिल्या दिवशी तिला उशीर झाला होता.

अण्णांनी घड्याळ बघितलं. "रफीकभाई, आज तुमची खेळाडू वेळेत हाय!"

* * *

न बोलण्याचा नियम सगळ्यात जास्त छळायचा तो अण्णांना. एकदा त्यांनी अक्कलकोटकडची एक मुलगी धरली. सराव सामना रंगात आला, तिला खो मिळाला आणि अण्णांना काही राहवलं नाही.

"एडक्के! एडक्के!" ते ओरडले. म्हणजे डावीकडं.

मुलगी झटक्यात डावीकडं वळली. पण पुढं पळणारीसुद्धा अक्कलकोटचीच होती. तिनं ते ऐकलं आणि ती उजवीकडनं निसटली!

"भजी!" रफीकभाई म्हणाले.

"कशाची भजी? मी कुटं बोललो? मी कन्नडमध्ये ओरडलो!"

"दोघींनाबी शिकवलंत अण्णा," सुनंदा म्हणाली. "दोन प्लेट सांगा."

* * *

सुनंदाची स्वतःची रीत निराळी. ती पळणाऱ्यांकडं बघतच नसे. बसलेल्यांकडं बघे.

"खो मिळायच्या आदी जी मनात उठलेली असते, ती खरी," एवढंच सांगायची.

गेल्या वर्षी तिनं पूजा नावाची मुलगी धरली. तिच्याच वेळापूरची, शिबिरापुरती मामाकडं राहायला आलेली. पाटीवरनं उठायची ती विजेसारखी. पण खांब जवळ आला की तिचे पाय आपोआप आखडायचे. खांबाला एका हातानं धरून अंग झोकून देणं हाच तिथला डाव, आणि ही खांबापासून हातभर लांब थबकायची. कधीतरी तोंड आपटलं असावं.

"ताई, ही तर खांबाला बघून पदर घेती की!" अण्णा म्हणाले.

चाचणीत पूजाचं नाव आलं नाही. आम्ही दोघा-तिघांनी सुनंदाची भरपूर चेष्टा केली. तिच्यावर काही परिणाम झाला नाही.

"यंदा न्हाय," ती म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्यात बघा."

मग रोजच्यासारखी नळावर पाणी प्यायला गेली. मी स्कूटरला किका मारत राहिलो. आमची स्कूटर जुनी, पहिल्या किकेला ती कधीच सुरू झाली नाही. तेवढ्या वेळात सुनंदा नळावर जाऊन यायची. तिला इतकी तहान कशी लागते, असं मला वाटायचं.

* * *

दिवाळीनंतर सुनंदा गेली. दुखणं फार दिवसांचं नव्हतं.

अण्णा आणि रफीकभाई घरी येऊन बसले. मैदानावर अखंड बोलणारी ही माणसं, पण तासभर एकानंही तोंड उघडलं नाही. निघताना अण्णा चपला घालता घालता म्हणाले, "सर, ताईंचा नियम पाळला बगा आमी."

मला हसू आलं. त्या महिन्यातलं ते पहिलंच.

* * *

यंदा शिबिर सुरू झालं तेव्हा मी गेलो. सोडायला कुणी नव्हतं, तरी स्कूटर त्याच रस्त्याला लागली.

पहिल्या दिवशी दोघांनी आपापल्या मुली धरल्या. अण्णांनी उंच, रफीकभाईंनी वेगवान. ती शिबिरातलीच आहे, याची मात्र त्यांनी आधी खात्री करून घेतली. पूजा पुन्हा आली होती. तिचं नाव कुणी घेतलं नाही. दोघंही माझ्याकडं बघत होते.

"तुमी धरा, सर," अण्णा म्हणाले.

"मला खेळातलं काही कळत नाही."

"हमना क्या कळता?" रफीकभाई म्हणाले. "बारा साल से बैठे हैं!"

मी पूजाला धरली. त्यानंतर पेपर घडी न मोडता घरी जाऊ लागला. महिन्याची रद्दी घ्यायला आलेला माणूस म्हणाला, "सर, वाचायचा नसला तर बंद करा की. पैसे कशाला घालवताय?"

वाचायला वेळच नव्हता. पूजा अजूनही खांबाशी थबकत होती. रोज थोडी कमी, पण थबकत होती. एवढं वर्ष गेलं आणि तिचं नाव यंदाही आलं नाही, तर सुनंदाचा शब्द खोटा पडणार होता. आणि तिच्या बाजूनं 'पुढच्या उन्हाळ्यात' म्हणायला आता ती नव्हती. मी ते म्हणून चाललं नसतं. त्या वाक्यामागं थोडं तरी खेळातलं कळावं लागतं.

* * *

चाचणीच्या दिवशी ऊन लवकर तापलं. शेवटचा डाव. पळणारी मुलगी चपळ होती, तिनं तिघी-चौघींना दमवलं होतं. हुलकावण्या देत ती खांबाकडं आली आणि खांबाला वळसा घालणार, एवढ्यात शेवटच्या पाटीवरच्या पूजाला खो मिळाला.

रफीकभाईंनी डोळे मिटून घेतले. अण्णांनी माझा हात धरला.

पूजा थबकली नाही. खांबाला हात घालून तिनं अंग झोकून दिलं, आणि जमिनीवर पडता पडता तिची बोटं पळणारीच्या टाचेला लागली. शिट्टी झाली. नंतर कोचनी नावं वाचली. अण्णांची उंच मुलगी नव्हती, रफीकभाईंची होती, आणि सगळ्यात शेवटी पूजा.

आम्ही उठायच्या बेतात होतो, तर ती धुळीनं माखलेली पोर थेट पायऱ्यांकडंच आली. कोपर सोललेलं होतं.

"काका, माजी निवड झाली."

"बघितलं," मी म्हणालो. शिबिर संपलं होतं, आता बोलायला हरकत नव्हती.

"काकूंनी सांगितलंवतं, निवड झाली की पैल्यांदा मला येऊन सांगायचं."

अण्णांनी कान टवकारले. "कोण काकू? कवा सांगितलं?"

"गेल्या साली की. नळावर. रोज यायच्या. म्हनायच्या, खांबाला काय भितीस? त्यो कुटं जातोय? त्यो जाग्यावरच ऱ्हातो. पळतीय ती पोरगी, तिला बघ." मग पूजा जरा ओशाळली. "अन् म्हनल्या, हे त्या कट्ट्यावरच्या दोघांना कळू द्यू नगंस. लई वरडतील."

अण्णा आणि रफीकभाई एकमेकांकडं बघत राहिले. मग रफीकभाईंनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की मैदानावरच्या सगळ्या मुली वळून बघायला लागल्या.

"फाउल! भाभी का फाउल!"

"रोजचा फाउल!" अण्णा ओरडले. "सालभराची भजी निगाली ताईंकडं!"

पूजालाही हसू फुटलं, कशाचं ते न कळताच. हसता हसता तिनं आमच्या मागच्या रिकाम्या पायरीकडं बघितलं, मग नळाकडं बघितलं.

"आजबी काकू आल्या न्हाईत?"

"नाही," मी म्हणालो.

"मग तुमी सांगाल त्यास्नी?"

"सांगतो की," मी म्हणालो, आणि स्कूटरकडं गेलो. त्या दिवशी ती पहिल्या किकेला सुरू झाली.