बडे बाबूंचे तीन रकाने

बडे बाबूंच्या ओसरीवर ‘होऊन जाईल’ हे शब्द उच्चारायची सोय नव्हती. कुणी चुकून बोललंच, तर ते चष्मा काढून मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, “कसं होईन? कोण करन? कोणत्या नियमाखाली?” समोरचा गप्प झाला की चष्मा पुन्हा चढवून म्हणायचे, “मंग नाही होणार.” अर्ध्या बालाघाट जिल्ह्याचे अर्ज त्या ओसरीवर लिहिले गेले आणि जवळजवळ प्रत्येक अर्जदार तिथून एकदा तरी अपमान घेऊन घरी गेला. मीही गेले. त्या दिवशी मला त्यांचा जितका राग आला होता, तितका पुढे आयुष्यात फार थोड्या माणसांचा आला.

शिक्षण खात्याच्या कचेरीतून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. नोकरी लागली तेव्हा जिल्हा नागपूरकडे बघायचा, संपली तेव्हा भोपाळकडे. टेबल तेच राहिलं, त्याच्यावरचं राज्य बदललं. दोन्ही राज्यांचे नियम त्यांना तोंडपाठ होते आणि दोन्ही राज्यांचा त्यांना सारखाच संताप होता. निवृत्तीनंतर त्यांनी एक छंद लावून घेतला होता. वर्तमानपत्रात कुठल्याही कॉलेजचं नाव दिसलं की ते पोस्टकार्ड टाकून माहितीपुस्तक मागवायचे. कुणी मागितलेलं नसायचं. आलेलं पुस्तक लाल पेन्सिल घेऊन वाचायचे आणि समासात ‘लबाडी’, ‘हे ठीक’, ‘हे कोणाला कळू देत नाहीत’ असे शेरे मारायचे. अशी पुस्तकं त्यांच्याकडे पत्र्याची एक पेटी भरून होती.

मी त्यांच्याकडे गेले त्या वर्षी अकरावीत, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. मला डॉक्टर व्हायचं होतं. त्यामागे एकच कारण होतं. आईच्या छातीत गाठ होती आणि तिने ती दोन वर्षं कुणाला सांगितली नव्हती. सांगणार कुणाला? दवाखान्यात डॉक्टर पुरुष, कंपाउंडर पुरुष. बाबा कोर्टात कारकून. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी तिच्यापुढे हात जोडले, तरी ती जाईना. “मले काही होत नाही,” एवढंच म्हणायची आणि पदर आणखी घट्ट ओढून घ्यायची. मला तिचा राग यायचा. दवाखान्याचाही यायचा. मी ठरवून टाकलं की या गावात बाई डॉक्टर नाही, तर ती मी होणार.

ठरवताना मी एक गोष्ट डोळ्याआड केली होती. आमच्या मुलींच्या शाळेत विज्ञान नव्हतं. संस्कृत, इतिहास आणि गृहविज्ञान, झालं. विज्ञान मुलांच्या शाळेत होतं. नववीत असताना बाबा मला तिथे घेऊन गेले होते, तेव्हा हेडमास्तरांनी हसून सांगितलं होतं, “लैब में लड़कियों के खड़े होने की जगह नहीं है, बाबूजी. हाँ, सिलाई का कोर्स अच्छा है.” बाबाही हसले होते. ते हसणं मला अजून आठवतं आणि अजून सहन होत नाही.

तर मी एका कागदावर सात कॉलेजांची नावं सुबक अक्षरात लिहून बडे बाबूंसमोर बसले. पहिलं नाव नागपूरचं. नागपुरात माझी मावशी होती, घरात दवाखान्यापासून लग्नाच्या शालूपर्यंत सगळ्यासाठी नागपूरच होतं. बाबा बाजूला बसले होते. बाबूंनी यादी वाचली.

“विषय?”

“संस्कृत, इतिहास, गृहविज्ञान.”

“जीवशास्त्र?”

“नाही.”

“रसायन?”

“नाही.”

त्यांनी लाल पेन्सिल माझ्यापुढे टाकली. “मंग काट.”

“मी?”

“तू लिवलं, तू काट. मी काहून काटू? उद्या सांगत फिरशील का बाबूनं काटलं म्हणून.”

बाबा म्हणाले, “बाबूजी, नागपूर तरी राहू द्या. पोरीची मावशी आहे तिथं.”

“मावशीच्या घरी कॉलेज भरते का?” ते कडाडले. “राजेगावची हद्द ओलांडली का ही पोरगी परराज्यातली. तिच्यासाठी वेगळी रांग. त्या रांगेत पुढं कोणी नाही, मागंही कोणी नाही, काहून का समोर खिडकीच नाही! तुम्ही कोर्टात कागद सांभाळता आणि पोरीच्या हातात असा कागद देता?”

मी सातही नावं काटली. शेवटची रेघ ओढताना कागद फाटला. मी रडले नाही, उठून जायला निघाले. तेव्हा ते पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघून म्हणाले, “बस. तुले डॉक्टर व्हायचं आहे का एम.बी.बी.एस. व्हायचं आहे? आधी ते सांग.”

मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. आईची गाठ मात्र कशी कोण जाणे तोंडातून बाहेर पडली. बाबा खाली बघायला लागले. बाबूंनी हळहळ व्यक्त केली नाही. नुसती पेटी ओढली.

बाबा कोर्टात गेले; तो सबंध दिवस बाबूंनी पुस्तकं काढली आणि मी वाचली. दुपारी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दोघांनाही ओसरीवरच जेवायला वाढलं. संध्याकाळी एका पाठकोऱ्या कागदावर त्यांनी तीन रकाने आखले. पहिल्यावर लिहिलं ‘पक्के’, दुसऱ्यावर ‘धकले तर धकले’, तिसऱ्यावर ‘हट्ट’.

पक्क्यात नर्सिंगचं शिक्षण होतं. ते वाचून माझं तोंड वाकडं झालं असावं, कारण त्यांनी कागदावर हात आपटला. “नर्सले हलकं समजून राह्यली? तुह्या आईले गाठ दाखवाले एक नर्स भेटली असती तरी चाललं असतं. ते हलकं काम आहे का?”

दुसऱ्या रकान्यात आयुर्वेदाची तीन कॉलेजं होती. विज्ञान नसलं तरी संस्कृत घेतलेले विद्यार्थी तिथे चालत होते. एका पुस्तकात हा नियम अगदी शेवटी, बारीक अक्षरात होता; समासात बाबूंचा शेरा होता, ‘हे कोणाला कळू देत नाहीत.’ तिथे शरीरशास्त्रही शिकवत, बाळंतपणंही. तिसऱ्या रकान्यात एकच ओळ. मुलांच्या शाळेत पुन्हा खालच्या वर्गात बसून विज्ञान घ्यायचं, मग प्री-मेडिकल, मग एम.बी.बी.एस. खाली त्यांनी माझं तेव्हाचं वय आणि डॉक्टर होतानाचं वय लिहिलं.

“हट्ट एकच ठेवायचा,” ते म्हणाले. “दोन हट्ट म्हणजे येडेपणा. आणि हट्टाच्या भरवशावर पहिला रकाना रिकामा नाही सोडायचा.”

मी दुसरा रकाना भरला, पहिलाही भरला. तिसऱ्यासाठी मुलांच्या शाळेत पुन्हा त्याच हेडमास्तरांसमोर जावं लागलं असतं. मी गेले नाही. आईला तितका वेळ नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं होतं. पण भीतीही वाटली होती, हेही खरं.

त्यांनी माझे अर्ज तीनदा फाडले. एकदा दाखल्यावरचं आणि अर्जावरचं नाव एका काना-मात्रेने वेगळं होतं म्हणून, एकदा बाबांनी माझ्या जागी सही केली म्हणून, आणि एकदा मी शेवटी ‘कृपा होईल अशी आशा आहे’ असं लिहिलं म्हणून. “कृपा कायची? पात्र आहेस तर पात्र लिव!”

एका कॉलेजचं बोलावणं आलं. बाबांना रजा मिळेना. तेव्हा बडे बाबू स्वतः निघाले आणि पोरीबरोबर बाईमाणूस हवं म्हणून काकूही निघाल्या. छोट्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीत कोळशाचे कण डोळ्यांत जात होते. काकू डब्यातल्या पोळ्या पुरवून पुरवून वाढत होत्या, आणि बाबू वाटभर रेल्वेवर चिडलेले होते.

कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनाने माझा कागद बघितला आणि परत सरकवला. “आर्ट्स वाली? वापस जाओ. लड़कियों के लिए वैसे भी इंतज़ाम नहीं है.”

बाबूंनी पुस्तक उघडलं आणि शेवटच्या पानावरचा नियम मोठ्याने वाचला. कारकून म्हणाला, “ज़ोर से मत बोलिए. बेटी है आपकी?”

“बेटी नहीं, अर्ज़दार है,” बाबू म्हणाले. “बेटी होती तो हाथ जोड़ता. अर्ज़दार है, इसलिए नियम पढ़ रहा हूँ.” आणि त्यांनी तो नियम पुन्हा वाचला, आधीपेक्षा मोठ्याने. रांगेतली मुलं हसायला लागली. कारकून खिडकी लावू लागला, तर बाबूंनी पुस्तक फटीत घातलं. शेवटी आतून प्राचार्य बाहेर आले, त्यांनी नियम वाचला, माझे संस्कृतचे गुण बघितले आणि दोन शब्दांत प्रवेश दिला. राहायच्या जागेचं ते काही बोलले नाहीत. काकूंनी त्याच दिवशी जवळच्या गल्लीत दारोदार विचारून एका विधवा बाईंच्या घरी माझी सोय लावली.

परतताना मी बाबूंच्या पाया पडायला वाकले, तर ते मागे सरकले. “काय जिंकलं आपण? नियम होता, तो त्यायनं पाळला. तेही ओरडल्यावर. याच्यासाठी कोणाचे आभार मानशील तं याद राखजो.”

दुसऱ्या वर्षाला असताना आई गेली. गाठीवर उपचार करायची वेळ केव्हाच टळून गेली होती. मी घरी पोचले तेव्हा अंगण बायकांनी भरलं होतं, आणि जी ती म्हणत होती, देवाची मर्जी. बडे बाबू आले. बाबांच्या खांद्यावर हात ठेवतील असं मला वाटलं. ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि बायकांकडे वळून म्हणाले, “देवाचं नाव घेऊ नका. ही बाई लाजेनं मेली. तुमच्यापैकी कोणाले गाठ असन, काही दुखत असन, तं आज सांगा. मले नका सांगू, माह्या बायकोले सांगा. मी स्वतः गाडीत बसवून नेतो.”

माझे सख्खे काका त्यांच्या अंगावर धावून गेले. मेलेल्या बाईची अब्रू काढली म्हणून आमच्या नातेवाइकांपैकी अर्ध्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मलाही त्या क्षणी ते सोसलं नाही. मी आत जाऊन दार लावून घेतलं. पण तिसऱ्या दिवशी काकूंकडे मागच्या दाराने दोन बायका आल्या. काकूंनी त्यांची नावं मला कधी सांगितली नाहीत. त्यांतली एक अजून जिवंत आहे, एवढंच सांगितलं.

शिकून झाल्यावर मला लामता गावच्या सरकारी आयुर्वेदिक औषधालयात डॉक्टर म्हणून नेमणूक मिळाली. बायका यायला लागल्या. पदर बाजूला करायला त्या अजून वेळ घेत, पण येत. तोवर मी वाट बघत बसून राहायचे. मात्र शस्त्रक्रिया लागणारी बाई आली की मला तिला चिठ्ठी देऊन शहरातल्या दवाखान्यात रवाना करावं लागे, आणि त्यांतल्या काही जणी स्टेशनवरूनच घरी परतत. अशीच एक परतलेली बाई दगावली. त्या दिवशी मी बडे बाबूंना पत्र लिहिलं. आयुष्यात इतकं कडू पत्र मी कुणाला लिहिलेलं नाही. तुमच्या यादीने मला अर्धी डॉक्टर केलं, असं लिहिलं. तुम्ही माझं स्वप्न माझ्याच हाताने काटायला लावलंत, असंही.

उलट टपाली पोस्टकार्ड आलं. ‘तिसरा रकाना मी आखला होता. भरला नाही तो तू. तरी राग माझ्यावर काढ, मला चालतो. पण नुसता काढू नको, कामी लाव. मुलींच्या शाळेत विज्ञान सुरू करा म्हणून मी दर वर्षी अर्ज करतो. दर वर्षी परत येतो. या वर्षी खाली तुझीही सही पाहिजे. सही करताना हुद्दा पूर्ण लिहावा.’

मी हुद्दा पूर्ण लिहून सही केली. त्या वर्षीही अर्ज परत आला. पुढच्या वर्षीही. बाबू स्वतः कचेरीत जाऊन आपल्याच जुन्या टेबलासमोर अर्जदार म्हणून उभे राहत. त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक त्यांना बसा म्हणत नसत. काकूंनी हे सांगितलं तेव्हा मी लामत्याहून रजा टाकून आले आणि दोनदा त्यांच्याबरोबर उभी राहिले. दोन्ही वेळा साहेब दौऱ्यावर होते.

अखेर एका पावसाळ्यात विज्ञानाचा वर्ग मंजूर झाल्याचा कागद आला. बडे बाबू त्याच्या पंधरा दिवस आधीच वारले होते. झोपेतच गेले, कुणावर ओरडायची संधी त्यांना मिळाली नाही.

मुलींच्या शाळेने शोकसभा ठेवली. खात्यातले एक मोठे साहेब आले होते. ते म्हणाले, “बडे बाबू बड़े शांत और मीठे स्वभाव के थे. किसी से ऊँची आवाज़ में बात नहीं की. उनकी छोटी-सी इच्छा थी, विभाग ने ख़ुशी-ख़ुशी पूरी की.” लोकांनी माना डोलावल्या. ज्यांनी त्यांचे अर्ज परत पाठवले होते तेही डोलावत होते.

मी कधी उठले ते मला कळलं नाही. सगळी सभा हिंदीत चालली होती, मी मराठीत बोलले. “ते शांत नव्हते,” मी म्हणाले. “गोड तर मुळीच नव्हते. ते रोज संतापायचे आणि त्यांचा संताप बरोबर होता. ही इच्छा छोटी नव्हती, आणि ती खुशीने कुणीही पूर्ण केलेली नाही.”

साहेब घड्याळ बघू लागले. हेडमास्तरीणबाई मला बसा म्हणून खुणा करत होत्या. मी खाली बसायला वाकले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने, पहिल्या सतरंजीवरून, काकूंचा खणखणीत आवाज आला.

“हौ, खरं हाय. माह्यासंगंही तसेच होते. तू बसू नको. कोणी कोणी अर्ज वापस केले, त्यायचे नावं घे.”

मी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली.