तपकिरी न झालेली काच

गोंडपिपरीकडच्या तलावावर मासे धरणारा एक माणूस दोन महिन्यांच्या पोराच्या आतड्याचा तुकडा बाटलीत घेऊन आमच्या चंद्रपूरच्या लॅबमध्ये आला, तेव्हा तिथला टेक्निशियन मी पेशी रंगवायचं नवं तंत्र शिकल्याच्या तोऱ्यात होतो. पोराचं पोट फुगलेलं, शौचाला होत नव्हतं. आतड्यात नसपेशी नसल्या की असं होतं आणि तो भाग कापून काढावा लागतो. सर्जननं आधी तपासणीपुरता छोटा तुकडा काढून दिला होता. नसपेशी आहेत की नाहीत, एवढंच आम्ही सांगायचं होतं.

तुकड्याचा पातळ काप काचेवर घ्यायचा, त्यावर नसपेशीलाच चिकटणारं प्रतिपिंड टाकायचं, मग रंग. पेशी असली तर तपकिरी उठून दिसते. सोबत दुसऱ्या कोणाच्या निरोगी आतड्याची काच ठेवायची, म्हणजे रंग दगा देत नाही ना ते कळतं. ती काच झकास तपकिरी झाली. पोराची कोरी. तुकड्याच्या कडा विरघळल्यासारख्या होत्या, पण तिकडे आम्ही काणाडोळा केला. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पेशी नाहीत. तसा रिपोर्ट कर." नवं तंत्र जमलं म्हणून मी खूष झालो. सांगायला लाज वाटते, पण झालो.

रिपोर्ट न्यायला तो बायको-पोरासह आला. टायपिंग होईतो मी सहज विचारलं, "भाऊ, तुकडा आणायला दोन दिवस काऊन लागले?"

"बस नाई भेटली जी. पन तुकडा खराब होऊ देल्ला नाई. त्या दवाईचा लय वास येत होता, फेकून देल्ली. सकाळ-संध्याकाळ ताजं पानी बदललं. मासोळीचं बीज असंच आनतो ना आमी."

ती दवाई म्हणजे फॉर्मालिन. त्याशिवाय तुकडा सडतो आणि सडलेल्या तुकड्यावर पेशी असूनही रंग चढत नाही. बाटली उघडताना नाकात काही झोंबलं नव्हतं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. आणि दवाई फेकू नका, हे त्याला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही.

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी रिपोर्ट फाडला आणि दुसरा लिहिला: तुकडा खराब, पुन्हा पाठवावा.

"म्हंजे पुन्हा कापान?" बापानं विचारलं.

आईनं पोराला पदराखाली घेतलं. "एक डाव कापलं ना बाई. आता हात नाई लावू देत."

मी समजावलं, मॅडमनी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. ती दोघं घुग्घुसच्या कोळशाच्या ट्रकांची धूळ उडत असलेल्या रस्त्यावरून स्टँडकडे चालत गेली. नवरा मागे वळून हात जोडून गेला, याचाच मला राग आला.

दीड महिन्यानं त्याच गावचा एक जण रक्त तपासायला आला. पोर गेल्याचं त्याच्याकडून कळलं. मॅडम म्हणाल्या, "तू बरोबर वागलास." वागलोच. पण मला अजून वाटतं, त्या पोराच्या आतड्यात पेशी नव्हत्याच. मी तोंड उघडलं नसतं, तर त्या चुकीच्या रिपोर्टवर त्याचं ऑपरेशन झालं असतं आणि ते कदाचित जगलं असतं.